एका मांडीचा फेरफार

गर्भवती स्त्रीचे उदर ही तिची खाजगी आणि निर्विवाद मालमत्ता होय, असा समज विधिज्ञांच्या मंडळात प्रचलित असल्यास असो. परंतु सडक अर्जुनी तालुक्यात, आणि माझ्या अदमासाने समस्त झाडीपट्टीत, त्याची नोंद गायरान अशीच आहे. गायरानावर जसा गावातील प्रत्येकाचा पूर्वापार हक्क, तसा या उदरावर शेजारीण, सहप्रवासी, विद्यार्थ्यांचे पालक, भाजीवाली आणि कोहमाऱ्याच्या चौकात बसची वाट पाहत उभा असलेला सर्वस्वी अपरिचित इसम, या सर्वांचा वहिवाटीचा हक्क असतो. आणि त्यांपैकी कोणीही, केव्हाही, पूर्वसूचना न देता आपले मत तेथे चरावयास सोडू शकतो. मालकिणीने हरकत घेतलीच, तर तिचे पित्त वाढले आहे असा निष्कर्ष काढून त्यावर निराळा सल्ला देण्यात येतो.

माझा या विषयातील अधिकार पुढीलप्रमाणे आहे. तालुक्यातील एका आडगावच्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत मी शिक्षिका आहे. चार वर्षांच्या एका कन्येची मी माता आहे. आणि दुसऱ्या अपत्याच्या प्रतीक्षेतील सातवा महिना मला लागलेला आहे. या तीन विधानांपैकी कोणतेही एक सुटे घेतले असता अगदी निरुपद्रवी दिसते. शिक्षिका पुष्कळ असतात, माता त्याहून अधिक असतात, आणि गर्भवती स्त्रियांची टंचाई पडल्याचे या देशात तरी ऐकिवात नाही. परंतु ही तिन्ही विधाने एकाच देहावर, एकाच सकाळी, पहिली घंटा होण्याच्या आत अंमलात आणावयाची झाली म्हणजे त्या देहाची अवस्था तीन राजांनी एकाच वेळी सारा वसूल करावयास घेतलेल्या मौजाप्रमाणे होते. त्यांतील प्रत्येक राजा आपणास एकमेव सार्वभौम समजतो आणि उरलेल्या दोघांस बंडखोर.

ज्या राजमार्गावर आमचे गाव वसले आहे, तो सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जातो. त्याचा 6 हा जुना क्रमांक लोकांच्या जिभेवरून अद्याप पुसला गेलेला नाही. सरकारदरबारी मात्र त्यास 53 म्हणतात. पश्चिम किनाऱ्याचा माल पूर्व किनाऱ्यास आणि पूर्वेचा पश्चिमेस नेऊन पोचविणारी अवजड वाहने या मार्गावरून अहोरात्र धावत असतात, आणि त्या महान राष्ट्रीय उलाढालीच्या कडेला, एका हातात कन्या, दुसऱ्या हातात तिचा डबा आणि खांद्यावर तपासलेल्या वह्यांची पिशवी अशा थाटात उभी राहून मी काळी-पिवळीची प्रतीक्षा करीत असते. काळी-पिवळीचा चालक म्हणजे मूर्तिमंत सौजन्य. "बाईसाहेब, तुमी सामोर बसा जी," असे म्हणून तो मला आपल्या शेजारचे मानाचे आसन बहाल करतो. त्या आसनावर अगोदरच तीन इसम विराजमान असतात, ही क्षुल्लक बाब त्याच्या सौजन्याच्या आड कधीही येत नाही.

गाडी कोहमाऱ्याची वळणे घेऊ लागली की मागील आसनांवर माझ्या उदरासंबंधी परिषद भरते. एक वृद्धा पोटाच्या घडणीवरून "टुराच व्हते" असा निकाल देते. दुसरी माझ्या चर्येवरील तेजाचा दाखला देऊन तो फिरवते. आणि तांदळाचे कट्टे पायाशी घेऊन बसलेला एक गृहस्थ, मी गाडीत चढताना कोणता पाय प्रथम उचलला याची साक्ष काढून प्रकरण पुन्हा खुले करतो. गर्भलिंगनिदानास देशात सर्वप्रथम कायद्याने पायबंद घातला तो आपल्या महाराष्ट्राने, 1988 साली. केंद्राचा कायदा त्यानंतर 1994 साली आला. आता सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर, येथे असले निदान केले जात नाही, अशी ठळक पाटी असते आणि ती असणे अत्यंत योग्य आहे. परंतु यंत्रास वेसण घालणाऱ्या त्या विद्वान कायदेमंडळापुढे काळी-पिवळीचे मागील आसन कोणी कधी ठेवलेच नसावे. तेथे परवाना लागत नाही, यंत्र लागत नाही, शुल्क पडत नाही, आणि निदान चुकल्यास वैद्याप्रमाणे तोंड लपवावेही लागत नाही. कारण तोवर दुसरी गर्भवती गाडीत चढलेली असते. या परिषदेचा अंतिम निर्णय एकदा माझ्या कन्येनेच जाहीर केला. टुरा की टुरी, असा थेट प्रश्न तिला विचारण्यात आला असता ती अत्यंत शांतपणे उद्गारली, "आमच्याकडे वाघ होणार आहे." एका बाजूस नवेगाव आणि दुसऱ्या बाजूस नागझिरा अशी जंगले असणाऱ्या या मुलखात वाघाची वार्ता थट्टेवारी नेण्याचा प्रघात नाही. पुढील थांब्यापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

आहाराच्या प्रांतात दुहेरी राज्यव्यवस्था आहे. सासूबाईंच्या संहितेप्रमाणे पपई सर्वथा निषिद्ध, वांगे संशयित आणि ग्रहणकाळात सुई-कात्रीस स्पर्श करणे हा जवळजवळ फौजदारी गुन्हा. आरोग्यखात्याच्या आशाताईंची संहिता छापील असून ती चित्रांसह हाती मिळते: हिरव्या पालेभाज्या, डाळी, अंडी, आणि लोहाची गोळी रोज एक, तीही चहासोबत न घेता, कारण चहा लोहास अंगी लागू देत नाही, लिंबू त्यास मदत करते. आता शाळेतील मधल्या सुटीच्या चहातून गोळीस वाट काढून देणे, हे मुत्सद्देगिरीचे काम आहे. दोन्ही संहितांचा मान राखण्याची माझी मनोमन इच्छा असते. पण डोहाळे संहिता वाचून लागत नाहीत. मला लागले ते लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचे. त्याबाबत मात्र सासूबाई आणि आशाताई या दोन सत्तांमध्ये कधी नव्हे ते संपूर्ण मतैक्य झाले आणि वडे नामंजूर करण्यात आले.

सरकारास 180 या संख्येचे असे कोणते वेड लागले असावे, याचा शोध कोणी इतिहाससंशोधकाने घेण्यासारखा आहे. गर्भवतीने लोहाच्या गोळ्या घ्यावयाच्या त्या 180 दिवस, आणि प्रसूतीनंतर पुन्हा तितकेच दिवस. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यास प्रसूती रजा मिळते ती 180 दिवसांची. 2018 च्या जुलैत शासनाने बालसंगोपन रजा नावाची एक नवी सवलत दिली, आणि तिची मुदत ठरविताना बहुधा संबंधित टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाने लेखणी उचललीच नाही. तीही 180 दिवस, मूल 18 वर्षांचे होईपर्यंत पुरवावयाची. निसर्गाचा मात्र या खात्याशी पत्रव्यवहार नसल्याने त्याने आपला आकडा 280 असा परस्पर ठरवून टाकला. वरचे 100 दिवस कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची टाकावयाचे, याविषयी नियमावली मौन पाळून आहे. प्रत्यक्षात ते हजेरीपटावर खर्ची पडतात.

बालसंगोपन रजेत आणखी एक गंमत आहे. ती हक्क म्हणून मागता येत नाही आणि उपभोगण्यापूर्वी मंजूर करून घ्यावी लागते. ही अट तत्त्वतः निर्दोष आहे. तिचे पालन करण्यास फक्त मुलाच्या तापाने तयार असावयास हवे. आमच्या कन्येचा ताप रात्री दोनच्या सुमारास, कोणत्याही अग्रिम निवेदनाशिवाय रुजू होतो, सकाळी सातपर्यंत थर्मामीटरला घाम फोडतो, आणि मी रजेचा अर्ज लिहावयास बसले की उतरून जातो. अर्जात नमूद करावयाचे कारण अशा रीतीने अर्जापूर्वीच संपुष्टात येते व अंगणात दोरीवरच्या उड्या मारू लागते.

परंतु या सर्व सत्तांमध्ये खरी फिर्यादी आहे ती कन्याच, आणि तिच्या दाव्याचा विषय आहे माझी मांडी. चार वर्षे या मिळकतीवर तिचा एकटीचा निर्वेध कब्जा होता. पहिल्या महिन्यांत तिला कसलाच संशय आला नाही. पाचव्या महिन्यापासून मात्र पूर्वेकडील हद्द दररोज सरकत असल्याचे तिच्या ध्यानी आले. आणि एके सायंकाळी, गोष्ट ऐकत असताना, ती मांडीवरून अलगद घसरून सतरंजीवर जाऊन बसली. तिने वर पाहिले, माझ्या पोटाकडे पाहिले, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर परकी नोंद पाहिलेल्या खातेदाराप्रमाणे तिचा चेहरा झाला. फेरफाराची नोटीस निघाली म्हणजे 15 दिवसांत हरकत नोंदवावी लागते. तिने ती तत्क्षणी, आणि तीन घरे ऐकू जाईल अशा स्वरात नोंदविली. त्यानंतर ती रोज झोपण्यापूर्वी स्वतःच्या विती लावून पोटहिस्स्याची मोजणी करते. अतिक्रमण करणाऱ्या पक्षास समक्ष हजर करावे, अशी तिची मागणी आहे, आणि तो आश्विनाच्या तोंडावर हजर होईल हे माझे उत्तर तिला वेळकाढूपणाचे वाटते. प्रतिवादीही काही कमी नाही. त्याची बाजू मांडावयास अद्याप कोणी वकील नसला, तरी वादी मांडीवर बसताच तो आतून लाथ मारून आपली कैफियत दाखल करतो. पहिली लाथ तिला पाठीत बसली, तेव्हा तिने उलट टपली दिली. दोघांचा पत्रव्यवहार अशा प्रकारे सुरू झाला असून त्याचे टपाल माझ्या मार्फत जाते.

प्रसूती रजेचा अर्ज भरताना याच कन्येने मला अमूल्य साहाय्य केले. ही रजा दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असणाऱ्या स्त्रीसच मिळते, म्हणून अर्जात हयात अपत्यांची संख्या लिहावी लागते. मी तेथे 1 हा आकडा लिहीत असतानाच त्या हयात अपत्याने शेजारची पाण्याने भरलेली रंगपेटी अर्जावर उपडी करून आपल्या हयातीचा इतका ओला पुरावा जोडला, की निराळ्या दाखल्याची आवश्यकता उरू नये. अर्ज दुसऱ्यांदा लिहून मी आमच्या गुरुजींच्या हाती दिला. शाळेत साठपर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक, असे शिक्षणहक्काच्या कायद्याचे परिमाण आहे, आणि आमच्या शाळेतील त्या दोनांपैकी एक मी व दुसरे गुरुजी. माझी रजा म्हणजे चारही इयत्ता, पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही आणि सायंकाळी मोबाईलवरून धाडावयाची समस्त माहिती हे सर्व एकट्या गुरुजींच्या शिरी. ते निवृत्तीच्या उंबरठ्यावरील, अत्यंत सालस गृहस्थ असल्यामुळे तक्रार करीत नाहीत. पण माझे दिवस कोणताही डॉक्टर मोजत नसेल इतक्या दक्षतेने ते मोजतात. "बाई, प्रथम सत्र परीक्षेच्या आधी, की नंतर?" असे त्यांनी अत्यंत हळुवारपणे विचारले. आधी, असे मी म्हणताच त्यांनी डोळे मिटले. क्षणभराने ते उघडून ते म्हणाले, "असो. सहा वर्षांनी पहिलीचा पट एकाने वाढेल." पटाच्या चिंतेत आयुष्य काढलेल्या माणसाचा तो खरोखर मनःपूर्वक आशीर्वाद होता.

ज्या रजेवरून हा सगळा विनोद करावयास मला सवड मिळते, ती आभाळातून पडलेली नाही. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीस भत्ता देण्याचे विधेयक चर्चेस आले असता, 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस काही विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे प्रतिपादन केले. मुंबईत तो कायदा 1929 साली झाला. आमचा मुलूख त्या वेळी मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे; तेथे 1930 साली तसाच कायदा झाला. हे दोन्ही कायदे कारखान्यातील स्त्रियांपुरते होते. त्या जुलैच्या अखेरीस, कौन्सिलात भाषण चालू असताना, झाडीपट्टीतील बहुतेक स्त्रिया कोठे असतील हे सांगण्यास कोणताही दप्तरखाना धुंडाळावा लागत नाही. पऱ्ह्यांच्या पेंढ्या हाती घेऊन त्या बांधीतल्या चिखलात वाकलेल्या असणार, आणि त्यांतील काही दोन जिवांच्या असणार.

आजही जुलैत त्या तेथेच असतात. माझी शाळा एका जुन्या मालगुजारी तलावाच्या पाराखाली आहे. वर्गाच्या खिडकीतून रोवणी दिसते. या दिवसांत माझ्या वर्गातील थोरल्या मुली हटकून गैरहजर राहतात, कारण आई बांधीत गेल्यावर धाकट्यास सांभाळण्याची पाळी त्यांच्यावर येते. अशाच एका मुलीची चौकशी करावयास मी पारावरून खाली उतरले, तेव्हा तिची आई, जिचे पोट माझ्याहून किंचित पुढेच होते, कंबरेवर हात देऊन उभी राहिली आणि आम्ही दोघींनी प्रथम, राजनैतिक शिष्टाचारास अनुसरून, परस्परांच्या उदरांची पाहणी केली. मग तिने विचारले, "बाई, तुमाले घरी बसून पगार भेटते म्हन्तेत, खरं हाय का जी?" खरे आहे, असे मी सांगितले. तिने यावर बराच वेळ विचार केला. "मंग तं दर साली एक पोर होऊ द्या ना!" असे तिने इतक्या व्यवहारी गांभीर्याने सुचविले, की रांगेतील सर्व रोवणाऱ्या बाया पऱ्हे हाती धरून हसू लागल्या. त्यांत मीही होते. शासनाने मजूर स्त्रियांच्या बुडीत मजुरीपोटी मानव विकास कार्यक्रमात 4,000 रुपये ठेवलेले आहेत, अर्धे नवव्या महिन्यात आणि अर्धे प्रसूतीनंतर. पात्रतेच्या अटी पुऱ्या करून बँकेच्या पुस्तकाची प्रत जोडल्यास ते मिळतात. मी तिला कागदांची यादी लिहून दिली. तिने ती चिखलाचा हात लुगड्यास पुसून घेतली, पदराच्या गाठीत बांधली, आणि वर मलाच बजावले की पारावरून उतरताना इतकी घाई करू नका, पाय घसरेल. ज्या स्त्रीस विश्रांती सांगावी, तीच आपणास जपून चालावयास सांगते, अशा प्रसंगी पगारी रजेचा हक्क बाळगणाऱ्या व्यक्तीने काय बोलावे, याचे प्रशिक्षण कोणत्याही अध्यापक विद्यालयात मिळत नाही.

यजमान वनखात्यात चाकरीस आहेत. 2013 साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, तेव्हापासून या परिसरातील प्रत्येक वाघिणीचे खाजगी जीवन शासकीय दप्तरी जमा होऊ लागले आहे. तिचा गर्भकाळ साडेतीन महिन्यांच्या आतबाहेर, तिची पिले तिच्यासोबत सुमारे दोन वर्षे राहतात, तिला गडबड खपत नाही, ही सर्व माहिती यजमानांना मुखोद्गत आहे. कॅमेऱ्यात टिपलेल्या एका वाघिणीचे छायाचित्र त्यांनी घरी आणून दाखविले. तिच्या मागे दोन पिले होती, आणि तिच्या मुद्रेवर जो भाव होता तो सडक अर्जुनीच्या आठवडी बाजारात मला कित्येक मातांच्या मुद्रेवर आढळलेला आहे. कन्येची वाघाची भविष्यवाणी या छायाचित्रातूनच निघालेली होती. जुलै ते सप्टेंबर या काळात गाभा जंगल पर्यटकांस बंद असते. फाटकावर अडसर पडतो आणि वाघिणीच्या निवांतपणात कोणी व्यत्यय आणू शकत नाही. नेमक्या त्याच तीन महिन्यांत आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांची संख्या सर्वाधिक असते. मी यजमानांना विचारले, की असा एक अडसर आपल्या फाटकावर बसविता येईल काय? त्यांनी विचारांती सांगितले, की त्यासाठी घरास संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळावा लागेल, आणि तसा प्रस्ताव आईपुढे मांडण्याचे धैर्य त्यांना नाही.

गेल्या आठवड्यात गुरुजींनी माझ्याकडून पदभाराची यादी करून घेतली: हजेरीपट, तांदळाचा साठा, तराजू, पृथ्वीचा गोल, कपाटाच्या किल्ल्या, आणि तिसरीतील जो मुलगा पोट दुखते असे सांगतो त्याचे पोट केव्हा खरे समजावे याविषयीच्या सूचना. ती यादी इतकी सुबक झाली, की घरी येऊन मी दुसरी केली. तीत कन्येची सकाळची आंघोळ, दूध थंड की कोमट याचा निर्णय, मोज्यांच्या जोडीतील दुसरा मोजा शोधण्याची पद्धत, अंगणवाडीच्या दारात रडणे किती काळ चालू द्यावे, रात्रीच्या गोष्टीत कोल्ह्यास मरू देऊ नये, आणि वेणी, अशी कलमे अनुक्रमे घातली. कन्येने जातीने उपस्थित राहून एक कलम स्वतःचे वाढविले: रविवारी मांडी पूर्ण दिवस तिच्या नावे राहील, आणि प्रतिवादीने त्या दिवशी पाळण्यात राहावे. ते मंजूर झाल्यावर तिने हरकत मागे घेत असल्याचे तोंडी जाहीर केले.

यजमानांनी यादी शासकीय कर्मचाऱ्याच्या सवयीने अथपासून इतिपर्यंत वाचली, शेवटच्या कलमावर बोट ठेवले, आणि व्याघ्रगणनेतील अनुभव असणाऱ्या माणसास शोभेल अशा सावध स्वरात विचारले, "वेणीला पेड किती असतात?"

"तीन," कन्या म्हणाली. "पण बाबा, तुम्ही आधी सही करा."